ओळ न मोडता लूप कसा फिरवायचा? वाचकांचे प्रश्न (कंसात त्यांचं ठिकाण) आणि उत्तरं

बॅश या शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) स्क्रिप्टमधल्या एका व्हेरिएबलमध्ये पुण्यातल्या सहा पेठांची नावं आहेत, एका ओळीवर एक. 'फॉर' लूप मात्र बारा वेळा फिरतो. का? (नारायण पेठ)

अवतरणाशिवाय लिहिलेलं व्हेरिएबल शेल आयएफएसमधल्या (शब्द कुठे तोडायचे ते सांगणाऱ्या व्हेरिएबलमधल्या) खुणांवर तोडतं, आणि आयएफएसमध्ये मुळात स्पेस, टॅब आणि नवी ओळ या तिन्ही असतात. म्हणून 'सदाशिव' एका फेरीत येतं आणि 'पेठ' पुढच्या. दुहेरी अवतरणं दिलीत, तर अख्खी यादी एकाच फेरीत येईल.

आयएफएसमध्ये फक्त नवी ओळ ठेवायची, हा उपाय बरेच जण करतात. तो मला पटत नाही. रिकाम्या ओळी गळतात आणि एखाद्या ओळीत नुसता तारा असेल, तर त्याजागी फोल्डरमधल्या फाइलींची नावं येतात. शिवाय बदललेला आयएफएस पुढच्या सगळ्या स्क्रिप्टला छळतो.

त्यापेक्षा 'व्हाइल रीड' वापरा. रीडच्या आधी त्याच ओळीत आयएफएस रिकामा करा, म्हणजे ओळीच्या दोन्ही टोकांच्या स्पेस टिकतात. रीडला मायनस आर द्या, म्हणजे बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो. शेवटी 'डन'पुढे तीन 'लेस दॅन' खुणा आणि दुहेरी अवतरणात व्हेरिएबल. ही हिअर-स्ट्रिंग.

यादी इको करून पाइपने (एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडून) व्हाइलला देतो. आत काउंटर वाढतो, बाहेर आल्यावर शून्य! (हिंजवडी)

बॅशमध्ये पाइपचा प्रत्येक भाग सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत चालतो. काउंटर तिथे वाढतो आणि सबशेलबरोबर संपतो. हिअर-स्ट्रिंगने हा प्रश्न उरत नाही. उबुंटूवर स्क्रिप्ट एसएच म्हणून चालवत असाल, तर तिथे 2006 पासून डॅश हा दुसरा शेल आहे आणि त्याला हिअर-स्ट्रिंग कळत नाही. मग हिअर-डॉक्युमेंट (दोन 'लेस दॅन' खुणा आणि शेवट सांगणारा शब्द) वापरा.

वीस सर्व्हरची यादी आहे, प्रत्येकावर एसएसएच करायचं (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची) आहे. पहिल्यानंतर लूप गुपचूप थांबतो. (हडपसर)

एसएसएच स्टँडर्ड इनपुट वाचतं, आणि तुमची उरलेली यादी तिथेच असते. उरलेले एकोणीस सर्व्हर ते गिळून टाकतं. एसएसएचला मायनस एन द्या. मी स्वतः यात अडकलो आहे: रात्रीचा बॅकअप पहिल्याच मशीनवर संपला, एक्झिट कोड शून्य (म्हणजे 'यशस्वी'), त्यामुळे सकाळपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. तेव्हापासून लूपमध्ये एसएसएच दिसलं की मी आधी मायनस एन शोधतो.

पन्नास हजार ओळी आहेत. प्रत्येक ओळीतला दुसरा रकाना इको आणि कट वापरून काढतो. फार वेळ लागतो. (कात्रज)

वेळ लूपमध्ये कमी आणि प्रोसेस जन्माला घालण्यात जास्त जातो. दर ओळीला एक सबशेल, त्यात पाइप, त्यापुढे कट, म्हणजे एकूण लाखाच्या वर प्रोसेस, आणि प्रत्येकीचं काम चिमूटभर. रकाने स्वल्पविरामाने वेगळे असतील, तर रीडसाठी आयएफएस स्वल्पविराम ठेवा आणि दोन-तीन व्हेरिएबल्स द्या. ओळ वाचतानाच तुकडे हातात येतात, नवी प्रोसेस लागत नाही. मात्र अवतरणांच्या आत स्वल्पविराम असलेल्या सीएसव्हीला हे चालणार नाही.

नुसतं मोजणं, गाळणं, बेरीज एवढंच असेल, तर शेलचा लूप सोडा आणि सगळा मजकूर एकदाच ऑक या मजकूर हाताळणाऱ्या कमांडकडे द्या. पन्नास हजार ओळींना एक प्रोसेस पुरते. त्याच यादीवर पुन्हा पुन्हा फिरायचं असेल, तर बॅशची मॅपफाइल मायनस टी ही कमांड वापरून तिचा ॲरे करा. त्यासाठी बॅश 4.0 (2009) किंवा पुढचं हवं. मॅकसोबत येणारं बॅश 3.2 आहे, तिथे ते मिळणार नाही.

यादी रिकामी असली तरी लूप एकदा फिरतो. (कोथरूड)

हिअर-स्ट्रिंग शेवटी एक नवी ओळ स्वतःहून जोडते, म्हणून रीडला एक रिकामी ओळ मिळते. लूपआधी व्हेरिएबल रिकामं नाही ना, हे 'टेस्ट' कमांडच्या मायनस एनने (एसएसएचच्या नव्हे) तपासून घ्या. डिलीट करणारी स्क्रिप्ट असेल, तर हे आजच करा.