नाटकवेड्या जोडप्याचं कॅलेंडर

रेडिंगहून एका ताईंचा मेल आलाय, नाव अर्थातच देत नाही. नवराबायको दोघं कॉलेजात एकांकिका स्पर्धेच्या तालमीत भेटलेले, तिथेच जमलं, लग्न झालं, आता इंग्लंडमध्ये येऊन बरीच वर्षं झाली, सात वर्षांची मुलगी आहे. नवऱ्याला लंडनमधलं प्रत्येक नवीन नाटक बघायचं असतं आणि तो खर्च झेपत नाही, शिवाय ताईंचं मन इंग्रजी नाटकात तेवढं रमत नाही, त्यांना मराठीच हवं असतं. तिथल्या मराठी मंडळाचं नाटक बसवायला घेतलं की दोनतीन महिने घराचा पार बोजवारा उडतो. आणि पुण्याला गेलं की नाटकाला वेळच मिळत नाही, गेलंच तर सासूबाई म्हणतात, "एवढ्या लांबून आलात ते आमच्यासाठी की नाटकासाठी?" शेवटच्या ओळीत विचारलंय की उन्हाळ्यात आईबाबा येणारेत, त्यांना लंडनचं नाटक दाखवायचंय पण बोलणं कळेल का.

ताई, तुमच्यासारखी खूप घरं आहेत आणि मला ती मनापासून आवडतात. पण नाटक उरलेल्या वेळात बसत नाही हो. नोकरी, शाळा, स्विमिंग क्लास, शनिवारचं ग्रोसरी हे सगळं झाल्यावर वेळ उरला तर नाटक असं ठेवलंत तर वर्षभर काही होणार नाही, आणि मग एकदम पुण्यात दोन आठवड्यांत सगळी भूक भागवायला जाल आणि तिथे भांडण होईल. म्हणून आधी कॅलेंडरमध्ये नाटक टाका, मग बाकीचं. आणि दोघांची नाटकं वेगळी आहेत हे मान्य करा. त्याचं एक, तुमचं एक, आणि एक एकत्र.

सुरुवात घरातून करा, कारण तिथे तिकीट लागत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ वाचनाची ठरवा, मोठ्यांदा वाचायचं, एका बैठकीत एकच अंक. तीन अंकी जुनं नाटक असेल तर तीन आठवडे पुरतं. भूमिका वाटून घ्या आणि पुढच्या वेळी बदला, नवऱ्याला आईची भूमिका द्या, तुम्ही सासऱ्याची घ्या, मजा येते आणि आपल्याला वाटत असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त काहीतरी त्या वाक्यांत सापडतं. मुलीला कंसातलं द्या! म्हणजे रंगसूचना. "दारावरची बेल वाजते", "माई आत जातात", "थोडा वेळ शांतता". वाक्यं छोटी असतात, देवनागरी हळू वाचणाऱ्या मुलांनाही जमतात, आणि बेल तीच वाजवणार, शांतता किती वेळ ठेवायची हेही तीच ठरवणार. सात वर्षांच्या मुलीच्या हातात अख्खा प्रवेश थांबवायची ताकद येते तेव्हा ती जागची हलत नाही, मराठी वाच म्हणून मागे लागावं लागत नाही.

५ नोव्हेंबर ही तारीख तर तुमच्याकडे आयती आहे. तो मराठी रंगभूमी दिन, सांगलीला १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं त्याची आठवण, आणि इंग्लंडमध्ये त्याच रात्री बॉनफायर नाइट. फटाके बघून थंडीत कुडकुडत घरी याल, गरम भजी तळा, आणि एखादा प्रवेश वाचा. वर्षातून एकदा दोनतीन मराठी घरांना बोलवायला याहून चांगलं निमित्त नाही.

एक गोष्ट मात्र आधीच करा. घर सेमीडिटॅच्ड असेल किंवा फ्लॅट असेल तर तालमी सुरू व्हायच्या आधी शेजाऱ्यांना जाऊन सांगून या की आम्ही नाटक बसवतोय, आवाज येईल, भांडणाचा प्रवेश आहे. भिंती पातळ असतात, भाषा त्यांना कळत नाही, आणि नवराबायको एकमेकांवर ओरडताहेत एवढंच ऐकू येतं. काळजीपोटी कोणी पोलिसांना फोन केला तर त्यात त्यांची काही चूक नाही. तालमीच्या वेळा लिहून चिठ्ठी दिलीत तर उत्तम, बहुतेक वेळा ते प्रयोगाला येतो म्हणतात.

आता मंडळाचं नाटक. यात माझं मत ठाम आहे, मूल लहान असेपर्यंत दोघांनी एका वेळी रंगमंचावर जायचं नाही. एक वर्ष तुम्ही, एक वर्ष तो. जो स्टेजवर नाही त्याच्याकडे घर, पण त्याला नाटकातून बाहेर काढू नका, त्याला पाठांतर घ्यायला बसवा, प्रॉम्प्टिंग द्या, संगीत द्या, प्रयोगाच्या दिवशी विंगेत उभं राहू द्या. घर सांभाळणारा माणूस नाटकाचा भाग राहिला तर चिडचिड निम्म्याने कमी होते. ताई, तुमच्या मेलमध्ये "मी आपली घरी" असं दोनदा आलंय, ते मला टोचलं. यंदा तुमची पाळी आहे असं सरळ सांगा त्याला.

हॉल महाग असतो म्हणून तालीम दिवाणखान्यातच होते, होऊ दे. कार्पेटवर मास्किंग टेपने नेपथ्य आखून घ्या, इथे दार, इथे खिडकी, इथे सोफा, आणि ती टेप तालीम संपेपर्यंत काढायची नाही. रोज त्याच मापात चाललं की पायांना सवय होते, आणि मुलगीसुद्धा दारातूनच आत यायला लागते. हॉलवर प्रयोगाआधी नटराजपूजा करणार असाल तर उदबत्तीचं केअरटेकरला आधी विचारा, स्मोक अलार्म वाजला तर अख्खं नाट्यगृह बाहेर रस्त्यावर उभं राहील, तिसरी घंटा राहिली बाजूला. नारळाचंही, फोडायचा तर बाहेर.

आणि परवानगी. लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी घेतल्याशिवाय प्रयोग करायचा नाही, मग मंडळ कितीही छोटं असो आणि तिकीट नसलं तरी. छापील नाटकाच्या पहिल्या पानांवर प्रयोगाच्या हक्कांबद्दल लिहिलेलं असतं, तिथे पत्ता नसेल तर प्रकाशकाला विचारा. मानधन द्या. आपण परदेशात पौंडात कमावतो आणि लेखकाला विचारायचंही नाही हे मला अजिबात पटत नाही. अगदीच कोणी सापडत नसेल तर देवल, गडकरी, खाडिलकर यांच्याकडे जा. देवल १९१६ ला गेले, गडकरी १९१९ ला, खाडिलकर १९४८ ला, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात आणि इंग्लंडमध्ये सत्तर, म्हणजे या तिघांचं दोन्हीकडे मोकळं झालंय. फक्त मूळ संहिता घ्या, कोणी अलीकडे संपादित केलेली रंगावृत्ती घेतलीत तर तिचे हक्क वेगळे.

लंडनच्या खर्चाचं बोलू. नवरोबांना प्रत्येक नाटक बघायचंय तर स्वस्तात बघायला शिकू दे. नॅशनल थिएटरला शुक्रवारी दुपारी फ्रायडे रशची स्वस्त तिकिटं सुटतात, लेस्टर स्क्वेअरला टीकेटीएसचा बूथ आहे, तिथे सवलतीत मिळतात. शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरला अंगणात उभं राहून बघायचं तिकीट बरंच स्वस्त असतं, पण लक्षात ठेवा, अंगणावर छप्पर नाही, पाऊस आला तरी प्रयोग थांबत नाही आणि छत्री उघडू देत नाहीत, रेनकोट न्या. नॅशनलची नाटकं २००९ पासून सिनेमा थिएटरात दाखवतात, एनटी लाइव्ह म्हणतात त्याला, म्हणजे पॅडिंग्टनचं ट्रेनभाडं वाचलं. बेबीसिटरसाठी पैसे घालवू नका, दुसऱ्या मराठी कुटुंबाशी शनिवार वाटून घ्या, एक शनिवार त्यांची मुलं तुमच्याकडे, एक शनिवार तुमची मुलगी त्यांच्याकडे.

आणि ताई, तुम्हालाही एक सुचवते. वेस्ट एंडमध्ये, म्हणजे लंडनच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांत, मन रमत नाही म्हणता तर एकदा गावातल्या हौशी नाटकाला जाऊन बघा. रेडिंगला प्रोग्रेस थिएटर आहे, १९४७ पासूनचं, सगळे हौशी लोक, नोकऱ्या सांभाळून नाटक करणारे. तुमच्या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांची आठवण येईल, आणि तिथे लोक लागतातच, प्रकाशयोजनेला, कपड्यांना, तिकीटखिडकीवर. भाषा परकी असली तरी तालमीतला चहा परका वाटत नाही. मुलीला डिसेंबरात पॅन्टोमाइमला, म्हणजे नाताळच्या दिवसांतल्या गाण्या-विनोदाच्या बालनाट्याला, न्या, प्रेक्षकांनी ओरडायचंच असतं त्यात, "मागे बघ, मागे बघ" करून पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात.

आता पुणे, आणि सासूबाई. त्यांचं म्हणणं चूक नाही, वर्षभर वाट बघितलेली असते त्यांनी. पण उपायही तोच आहे, त्यांना घेऊन जा. तुम्ही दोघं सटकून जाता म्हणून त्यांना लागतं. सहा तिकिटं काढा, सासूसासरे, आत्या, मामेसासरे जे कोणी भेटायचे राहिलेत ते सगळे एका प्रयोगाला, मध्यंतरात बटाटेवडा आणि चहा, नंतर बाहेर उभं राहून गप्पा, तीन घरच्या भेटी एका संध्याकाळी होतात आणि सगळे खुश. सासूबाईंना गजरा न्या. पण नाटक त्यांच्या आवडीचं निवडा, प्रायोगिक काही बघायचं असेल ते दोघांनी वेगळं सुदर्शन रंगमंचला जाऊन बघा.

तारखांचा घोळ सगळ्यांचाच होतो. वेस्ट एंडसारखं तीन महिने आधी बुकिंग पुण्यात होत नाही, प्रयोग लागल्याचं जेमतेम आठवडाभर आधी कळतं, प्लॅन, म्हणजे तिकीटविक्री, उघडतो त्याच्याही नंतर. त्यामुळे इंग्लंडहून निघताना नाटक ठरवू नका, तारखा मोकळ्या ठेवा. पहिला शनिवार-रविवार कोणालाही देऊ नका, लग्न असो की बारसं. पेपरातली नाटकांची जाहिरात बघायला घरच्या कोणालातरी सांगून ठेवा, तिकिटंही त्यांनाच काढू द्या, ऑनलाइनवर परदेशी कार्ड चालेलच असं नाही. आणि एक हिशोब, हिवाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेनऊ म्हणजे इंग्लंडच्या दुपारचे चार. आल्या आल्या पहिल्या दोनतीन रात्री तुम्हाला तशीही झोप येत नसते, तेव्हा बालगंधर्व नाहीतर कोथरूडच्या यशवंतरावला रात्रीचा प्रयोग गाठा. दुपारी साडेबाराचा प्रयोग पहिल्या दिवशी नको, शरीराला ते सकाळचे सात असतात. अमेरिकेतल्या वाचकांचं गणित उलटं आहे, त्यांना संध्याकाळचा प्रयोगसुद्धा पहिले चार दिवस जड जाईल, दुसऱ्या आठवड्यातच ठेवा.

शाळेला सुट्टी कधी यावरही अवलंबून आहे. ऑगस्टमध्ये येत असाल तर पाऊस आणि सणवार. डिसेंबर चांगला. आणि डिसेंबरात येत असाल तर एक ट्रिप माझ्या सांगण्यावरून कराच, सिंधुदुर्गात दशावतार बघायला जा. गावोगावच्या देवळांच्या जत्रा त्या दिवसांत चालू असतात, प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. मोपा विमानतळ २०२३ ला सुरू झाल्यापासून तिथून सावंतवाडी जवळ पडते. कोणत्या गावची जत्रा कधी हे तिथिवर असतं, राहत्या ठिकाणी मालकाला विचारलं की तो लगेच सांगतो.

मुलीला प्रयोगाच्या आधी तासभर न्या. देवळाच्या बाजूला पडदा लावून कलाकार बसलेले असतात, प्रत्येकाच्या पुढ्यात आपापली पेटी, छोटा आरसा, आणि जो तो स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवत असतो. स्त्रीभूमिका पुरुषच करतात, बघता बघता समोरचा माणूस लुगडं नेसून राणी होतो. परवानगी विचारा, शांत बसवा, फोटोसाठी फ्लॅश मारू नका. मग आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, संकासुर येतो तो मुलांना फार आवडतो, आणि पुढच्या आख्यानातले संवाद कुठे लिहिलेले नसतात, कथा ठरलेली, वाक्यं तिथल्या तिथे, हार्मोनियम आणि पखवाजवाले नटांकडे बघत बघत साथ करतात. ज्या दोघांनी आयुष्यभर पाठांतर केलंय त्यांनी हे एकदा बघायलाच हवं. सोबत शाली, चटई, पाण्याची बाटली घ्या, मुलगी झोपली तर मांडीवर झोपू द्या, गावातली पोरंही तशीच झोपतात आणि युद्ध सुरू झालं की उठून बसतात.

राहिले आईबाबा. त्यांच्यासाठी दुपारचा मॅटिनीच घ्या, भारतातून आल्यावर रात्री आठला त्यांना पेंग येणार. बऱ्याच मोठ्या थिएटरांत काही ठरावीक प्रयोगांना कॅप्शन असतात, म्हणजे बोललं जाणारं वाक्य स्क्रीनवर लिहिलेलं दिसतं. ते ऐकू कमी येणाऱ्यांसाठी केलेलं असतं पण आपल्या आईबाबांना, ज्यांना इंग्रजी वाचता उत्तम येतं पण त्या उच्चारांत पकडता येत नाही, त्यांना फारच उपयोगी. वेबसाइटवर कॅप्शन्ड म्हणून तारखा दिलेल्या असतात, त्या मोजक्याच असतात म्हणून तिकिटं लवकर काढा, आणि स्क्रीन नीट दिसेल अशा सीट कोणत्या ते विचारून घ्या. आदल्या रात्री जेवताना गोष्ट मराठीत सांगून ठेवा, शेवट सोडून. वेस्ट एंडची थिएटरं जुनी आहेत, वरच्या मजल्यावरच्या पायऱ्या उभ्या आणि काहींना लिफ्टच नाही, स्वस्त मिळतं म्हणून बाल्कनी काढू नका, खालचं, कडेचं तिकीट घ्या, आणि बाबांच्या गुडघ्याचं बुकिंगच्या वेळीच फोन करून सांगा, म्हणजे पायऱ्या नसलेल्या दारातून आत घेतात.