पाचव्या महिन्यात हिरडीवर लाल गाठ आलीय, लेझरने काढली तर बाळाला त्रास होईल का?

ताई, लेझरची भीती नका बाळगू. तो एक्स-रेसारखा प्रकार नाही, प्रकाश फक्त हिरडीच्या त्या जागेवर काम करतो, पोटापर्यंत काही जात नाही. तुम्ही लिहिलंय तशी पुढच्या दोन दातांच्या मधे लालभडक, मऊ, भाकरीचा तुकडा लागला तरी रक्त येणारी गाठ गरोदरपणात बऱ्याच जणींना येते, हार्मोन्स वाढलेले असतात आणि त्यात दातांवर कीटण साचलेलं असलं की हिरडी अशी फुगते. बहुतेक वेळा साधीच असते, पण डेंटिस्टने डोळ्यांनी बघितल्याशिवाय नक्की मानू नका.

खाता येतंय, रक्त थोडंच येतंय तर आत्ता फक्त दात साफ करून घ्या, बाळंतपणानंतर ती बऱ्याचदा आपोआप बसते. रक्त थांबतच नसेल किंवा चावताना मधे येत असेल तर मात्र काढा, आणि त्यासाठी चौथा ते सहावा महिना बरा, म्हणजे तुमची वेळ योग्य आहे. हिरडी बधिर करून डायोड लेझरने काढतात, रक्तवाहिन्या तिथल्या तिथे बंद होतात म्हणून रक्त कमी, टाके बहुधा लागत नाहीत. काढलेला तुकडा तपासायला पाठवायला सांगाच. डिलिव्हरीआधी काढली तर परत येऊ शकते हेही धरून चाला.

दुखलं तर मनाने ब्रुफेन नको, पॅरासिटामॉल गायनॅकला विचारून. आणि आपल्याकडे हिरडी सुजली की मिसरी लावायला सांगतात, ती अजिबात लावू नका, त्यात तंबाखू असते, ती बाळाला खरंच घातक आहे. तुमच्या चोपडा गावात लेझर नसेल तर जळगावला चौकशी करा.