पीएफटी (फुंकून करायची फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी) नॉर्मल आली, मग सिगारेटने काही बिघडलं नाही असं समजायचं का?

तुमचं वय 23, चार वर्षं रोज आठ-दहा सिगारेटी, हिमोग्लोबिन 17.2, पांढऱ्या पेशी 11,400 आणि पीएफटी नॉर्मल. यात पीएफटीपेक्षा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) जास्त बोलकी आहे: हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी, दोन्ही थोडे चढे आहेत.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. रोज ओढणाऱ्याचं साधारण 3 ते 10 टक्के हिमोग्लोबिन असं अडकून पडतं, आणि उरलेलंही ऊतींना ऑक्सिजन सहजी सोडत नाही. ही चणचण मूत्रपिंडाला कळते, एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला सांगणारं संप्रेरक) वाढतं आणि अस्थिमज्जा जादा लाल पेशी बनवते. तूट भरून काढण्यापायी हिमोग्लोबिनचा आकडा फुगतो, रक्त दाट होतं. (याच कारणाने ओढणाऱ्या मुलींचा ॲनिमिया रिपोर्टमध्ये झाकला जातो.) पांढऱ्या पेशी वाढतात त्या श्वासनलिकांतल्या सततच्या दाहामुळे, मात्र ताप-सर्दी असताना रक्त दिलं असेल तर तो आकडा धरू नका.

आता पीएफटी. नुकसान सुरू होतं 2 मिलिमीटरहून बारीक नलिकांत. त्या इतक्या असंख्य असतात की हवेच्या एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा फार थोडा, म्हणून बऱ्याच खराब होईपर्यंत एफईव्ही1 (जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) हलत नाही. दुसरी गोम ‘नॉर्मल’ या शब्दातच आहे. तुलना तुमच्या वय-उंचीच्या सरासरीशी होते. मुळात 110 टक्क्यांची क्षमता असलेला 92 वर आला तरी रिपोर्ट नॉर्मलच. फुप्फुसाची क्षमता विशीच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत वाढते. त्या काळात ओढल्याने शिखरच बुटकं राहतं, हे एका चाचणीत दिसणार नाही. एफईव्ही1 आणि एफव्हीसीचं (एका दमात फुंकलेली एकूण हवा) गुणोत्तरही पाहा: 0.70 च्या खाली आलं तरच अडथळा, ही सरसकट रेषा तुमच्या वयाला ढिली आहे, खालची मर्यादा 0.75 च्या आसपास धरावी.

सिगारेट बंद केल्यावर कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो. लाल पेशी मात्र सुमारे 120 दिवस जगतात, त्यामुळे सीबीसी पुन्हा करायची ती तीन-चार महिन्यांनी, आणि भरपूर पाणी पिऊन. शरीर कोरडं असेल तर हिमोग्लोबिन उगाच चढतं. तेव्हाही ते (पुरुषांत) 16.5 च्या वर राहिलं तर हिमॅटॉलॉजिस्टला (रक्तविकारतज्ज्ञाला) दाखवा, ते जॅक2 (अस्थिमज्जेच्या आजारामुळे लाल पेशी वाढल्यात का हे पाहणारी जनुकीय) तपासणी सांगू शकतील.