मेंदूतील इलेक्ट्रोड आणि मुलीचे एक वर्ष

आपले पत्र वाचले. मेंदूतील पेशींचे विद्युतसंकेत टिपण्यासाठी तिथे बसवल्या जाणाऱ्या इलेक्ट्रोडवर काम करण्याची आपल्या मुलीची इच्छा आहे, तिला धातुशास्त्र व पदार्थ अभियांत्रिकीला प्रवेश मिळत आहे आणि ‘हे सारे काम कॉम्प्युटरचे’ म्हणून तो सोडून पुन्हा जेईई देण्यास आपण तिला सांगत आहात. तिच्या गुणांची मला काळजी वाटत नाही. दोन पानी पत्रात तिच्याविषयी ‘तिला केमिस्ट्रीच आवडते’ एवढे एकच वाक्य आहे आणि तेही तक्रारीच्या सुरात आहे, याची वाटते. इच्छा तिची, निर्णय आपला आणि वर्ष मात्र तिचे जाणार, हा हिशेब मला मान्य नाही.

शिवाय त्या निर्णयाचा पायाच चुकीचा आहे. इलेक्ट्रोड बसवला की संकेत कायम मिळत राहतात आणि उरते ते केवळ त्यांचा अर्थ लावणे, असे आपण गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात मेंदूतील एखाद्या पेशीचा स्वतंत्र संकेत टिपायला इलेक्ट्रोडचे टोक तिच्यापासून मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतक्या अंतरात असावे लागते. मेंदू मऊ, इलेक्ट्रोडचे सिलिकॉन कठीण, त्यामुळे सूक्ष्म हालचालींनी इजा होत राहते, भोवती व्रणासारखे आवरण तयार होते आणि वरचे विद्युतरोधक लेपनही झिजते. माकडांमध्ये बसवलेल्या अशा ७८ इलेक्ट्रोड-संचांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून अधिक बिघाड पहिल्या वर्षातच झालेले आढळले आणि त्यांत कनेक्टरचे, म्हणजे जोडणीच्या भागाचे, यांत्रिक दोष ठळक होते. पाच वर्षांनंतरही उपयोगी पडलेला संच माणसात आहे, परंतु तो नियम नव्हे. २०२४ मध्ये मेंदूत इलेक्ट्रोड बसवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीच्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूतून इलेक्ट्रोड असलेले अनेक बारीक धागे मागे सरकले. सॉफ्टवेअर बदलून कामगिरी सावरली, पण सरकलेले धागे त्यामुळे जागेवर आले नाहीत.

लेपन, गंज, ऊतींची प्रतिक्रिया हे सारे केमिस्ट्री आवडणाऱ्या मुलीचेच विषय आहेत. ‘धातुशास्त्र म्हणजे लोखंडाचा कारखाना’ हे आपले वाक्य निदान या क्षेत्रापुरते मागे घ्यावे. प्रोग्रॅमिंग तिला आवश्यकच आहे, पण ते याच पदवीबरोबर शिकता येते. पुढे गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन जैववैद्यकीय अभियांत्रिकीकडे वळता येईल. आयआयटी मुंबईत धातुशास्त्र व पदार्थ अभियांत्रिकी आणि जैवअभियांत्रिकी या दोन्हींचे विभाग आहेत. तिची तयारी असेल, तर मिळालेला प्रवेश मुदतीपूर्वी निश्चित करावा.