हाडाचा डॉक्टर म्हणजे सुतार की काय?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी खानापूर तालुक्यातला, एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजीचा खुबा बदलला आणि ती काठी सोडून परत परड्यात जायला लागली, तेव्हापासनं मलापण हेच करायचंय असं डोक्यात बसलंय. खरं मामा म्हणतात हाडाचा डॉक्टर म्हणजे सुतार की रे, मेडिसिन घे. त्यात मी अंगानं बारीक. किती वर्षं जातील आणि आपल्या भागात काम मिळेल काय?

उत्तर : मामांचं निम्मं खरंय, हातोडी, करवत, ड्रिल सगळं असतंय आमच्याकडं. खरं सुताराची खुर्ची डुगडुगली तर तो पायाखाली चकती ठोकून मोकळा होतो, आपण खुबा बदलताना पेशंटचा पाय दीड-दोन सेंटीमीटर लांब करून ठेवला तर तो माणूस जन्मभर दुसऱ्या चपलेत चकती घालून फिरतो, आणि बेळगावात राहायचं म्हणजे तो बाजारात भेटणारच!

आजच्या या ऑपरेशनचा पाया घातला इंग्लंडच्या जॉन चार्नलींनी. त्यांनी आधी खुब्याच्या खोबणीत टेफ्लॉन या प्लास्टिकचे कप बसवले, ते थोड्या वर्षांत झिजले, मग गडी स्वतःच ते काढत बसला, एवढंच नाही तर टेफ्लॉन अंगाला काय करतं बघायला तुकडा स्वतःच्या मांडीत घालून घेतला. 1962 मध्ये पॉलिथिलीनचा कप आला तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. हे मामांना सांग.

ताकदीचं टेन्शन घेऊ नकोस, जोरापेक्षा पाय कसा धरलाय आणि कप कुठल्या कोनात बसतोय ते महत्त्वाचं. इंटर्नशिप 1 वर्ष, नीट-पीजीची प्रवेश परीक्षा, हाडाच्या सर्जरीतलं एमएस 3 वर्षं, वर जॉइंट रिप्लेसमेंटची फेलोशिप, तिशी येतेच. एमएसला आल्याआल्या खुबा हातात मिळत नाही हां, आधी प्लास्टर आणि रात्री पडून आलेले बाइकवाले.

काम भरपूर आहे. नुसती म्हातारी माणसं नाहीत, पस्तिशीतली पोरंपण येतात, दारूनं नाहीतर स्टेरॉइडनं खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडलेली.

आणि कन्नड शीक. चिकोडीकडच्या एका अज्जींना खुबा बदलल्यावर मी मराठीत सांगितलं, पायावर पाय टाकू नका, मांडी घालू नका, त्या मान हलवत राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात खुबा निखळून परत आल्या. तेव्हा आमच्या सिस्टरनी तेच कन्नडमध्ये सांगितलं, ‘कालमेले काल हाकबेड्री’, तर म्हणतात कशा, हे आधी का नाही सांगितलं?