भिंतीला हात लावाल तर खोल्या खाली करा, असं मालक म्हणतात

प्रश्न: सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत आम्ही सासऱ्यांच्या काळापासून भाड्याने राहतो. भाडं महिना 800 रुपये. भाडेपावती आणि वीजमीटर यजमानांच्या नावावर आहे. घरात अर्थिंगच नाही. थ्री-पिनचं वरचं भोक नुसतं नावाला. ओल्या हाताने फ्रिज उघडला की झिणझिण्या येतात, म्हणून सासूबाईंनी पुढे लाकडी पाट टाकलाय. वायरमनने 14,000 रुपये सांगितले. मालक म्हणतात, "भिंतीला हात लावाल तर खोल्या खाली करून घेईन." काय करावं?

उत्तर: ताई, हे वाचून झालं की आधी त्या फ्रिजची पिन काढा. पाटावर भरवसा ठेवू नका. वायरिंग तपासून घेईपर्यंत फ्रिज बंदच राहू दे.

मालकांच्या धमकीत दम नाही. परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 16 खाली ताबा मागता येतो. पण वायर आणि बोर्ड बदलणं हे पक्कं बांधकाम नव्हे. चिडून त्यांनी वीज तोडलीच, तर कलम 29 खाली लघुवाद न्यायालयातून ती पुन्हा सुरू करून घेता येते.

खर्चाचं मात्र अवघड आहे. कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. तुम्ही लेखी नोटीस द्यायची. 15 दिवसांत त्यांनी दुरुस्ती केली नाही, तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण त्या वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. तुमचं वर्षाचं भाडं 9,600, म्हणजे 2,400 रुपये. बाकीचा भार तुमच्यावरच पडेल, हे धरून चाला. शिवाय "अर्थिंग पूर्वी नव्हतंच, मग ही दुरुस्ती कसली?" असं मालक म्हणणारच. म्हणून नोटिशीत नुसतं अर्थिंग मागू नका. वायर जीर्ण झाली आहे, फ्रिजला शॉक लागतो, हे परवानाधारक वायरमनकडून लिहून घ्या आणि नोटिशीला जोडा. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

अर्थिंगचा खड्डा वाड्याच्या चौकात घ्यायचा तर जागा मालकाची, तिथे त्यांची संमती लागेल. पण त्याआधी वीज कंपनीकडे अर्ज करा. मीटरजवळ अर्थचं टर्मिनल देणं आणि ते नीट ठेवणं ही नियमाने पुरवठादाराची जबाबदारी आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते टर्मिनल चालू स्थितीत असेल, तर तिथून हिरवी तार प्रत्येक बोर्डापर्यंत आणायचं काम उरतं.

हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट घ्या. बोर्डात न्यूट्रलची, म्हणजे विजेच्या परतीची, तार अर्थच्या पिनला जोडून "झालं अर्थिंग" म्हणणारा कोणी आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. मागे कुठे न्यूट्रल सुटली, की फ्रिजच्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट येतात. नळाच्या पाइपला तार बांधणंही तसंच घातक.

मीटरनंतर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की आपोआप बंद होणारा स्विच, बसवून घ्या. तो अर्थिंगची जागा घेत नाही, पण गळती होताच पुरवठा तोडतो. 14,000 एकदम जमणार नसतील, तर आधी हाच बसवा. तेवढ्यासाठी नोटिशीचे 15 दिवस थांबू नका.

भाडं वळतं कराल त्या महिन्यात बिलाची प्रत आणि उरलेली रक्कम सोबतच पाठवा. मालकांनी घेतली नाही, तर मनिऑर्डर करा. भाडं थकवलं, असं म्हणायला त्यांना जागा ठेवू नका.