मूत्राम्ल की युरिक आम्ल?

प्रश्न असा आहे : युरिक ॲसिडला मराठीत ‘मूत्राम्ल’ म्हणावे का, आणि ‘मला युरिक ॲसिड आहे’ असे म्हणणे बरोबर का?

मूत्राम्ल हा शब्द घडणीने निर्दोष आहे. मूळ नावातही मूत्रच आहे. तरी मी ‘युरिक आम्ल’ असेच लिहितो, कारण या समासाची दोन्ही पदे वाचकाला चुकीच्या वाटेने नेतात.

आधी ‘मूत्र’ पाहू. १७७६ साली कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने मुतखड्यातून हा पदार्थ वेगळा काढला, त्यामुळे त्याचे नाते मूत्राशी जुळले. पण तो तयार होतो मुख्यतः यकृतात. पेशींमधल्या डीएनए-आरएनएतील प्युरिने (नायट्रोजन असलेली संयुगे) मोडतात तेव्हा शेवटी युरिक आम्ल उरते. मूत्रपिंडे गाळलेल्या युरिक आम्लापैकी सुमारे ९० टक्के परत रक्तात घेतात. मूत्रातून नायट्रोजन बाहेर नेण्याचे मुख्य काम युरियाचे. तो निराळा पदार्थ आहे आणि पाण्यात सहज विरघळतो. युरिक आम्ल मात्र लिटरभर पाण्यात जेमतेम ६० मिलिग्रॅम विरघळते. हाच गुण पक्ष्यांच्या, सरड्यांच्या आणि कीटकांच्या पथ्यावर पडला : नायट्रोजन घट्ट स्वरूपात टाकला की पाणी वाचते. पक्ष्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग तो हाच. आता जिथे पातळ मूत्रच नाही तिथे मूत्राम्ल कसे म्हणायचे?

‘आम्ल’ हे पद रसायनशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे, पण मराठी कानाला त्यात आंबटपणा ऐकू येतो. म्हणून ‘आंबट खाल्ले की युरिक ॲसिड वाढते’ असा समज पसरतो. आंबट फळांतल्या सायट्रिक आम्लाचे युरिक आम्ल होत नाही. शिवाय सायट्रिक आम्लात असतो तसा कार्बॉक्सिल गट (त्याला आम्लपणा देणारा अणूंचा गट) याच्यात नाहीच. नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन सुटतो, म्हणून हे आम्ल, तेही दुबळे. रक्ताचा सामू सुमारे ७.४ असतो, तिथे ते जवळजवळ सगळे युरेट या, म्हणजे हायड्रोजन सुटलेल्या, रूपात असते.

राहिला ‘मला युरिक ॲसिड आहे’ हा प्रयोग. ‘त्याला बीपी आहे’, ‘तिला शुगर आहे’ या धाटणीचा हा अस्सल मराठी संक्षेप आहे, आणि बोलण्यात तो मला मुळीच खटकत नाही. लिहिताना मात्र ‘युरिक आम्ल वाढले आहे’ असे लिहावे, कारण ते प्रत्येकाच्या रक्तात असतेच. बहुतेक सस्तन प्राणी युरिकेज या विकराने त्याचे सहज विरघळणारे ॲलन्टोइन करतात. माणसाने आणि मोठ्या वानरांनी हे विकर गमावले आहे. त्यामुळे आपल्या रक्तात ते जास्त असते, आणि तिथे ते ऑक्सिडीकरण रोखण्याचे उपयोगी कामही करते. १०० मिलिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की स्फटिक बनू शकतात. वाढलेल्या प्रत्येकाला गाऊट, म्हणजे या स्फटिकांमुळे सांधे सुजून दुखण्याचा आजार, होतोच असे नाही.

आणखी एक काटेकोरपणा लिहिणाऱ्यांनी पाळावा. गाऊटमध्ये सांध्यात साठतात ते सोडियम युरेटचे सुईसारखे स्फटिक. मूत्र बरेच आम्लधर्मी असले तर मुतखड्यात सापडते ते खुद्द युरिक आम्ल. सांध्याबद्दल लिहिताना ‘युरेटचे स्फटिक’ आणि अशा खड्याबद्दल ‘युरिक आम्लाचा खडा’ असे लिहावे.